दुष्काळी मुलखातील अडगळ : संचयविकार आणि त्यावरील मदतीचा आढावा

नको असलेली वस्तू टाकण्याचा निर्णय घेता न आल्यामुळे घरात सामान साठत जाते, साठता साठता ते चुलीपाशी, अंथरुणाच्या जागेपर्यंत आणि उंबऱ्यापर्यंत पोहोचते, आणि एक वेळ अशी येते की ज्या कामांसाठी घर बांधले ती कामे, म्हणजे रांधणे, निजणे, न्हाणे आणि आल्यागेल्याला बसवणे, त्या घरात होऊ शकत नाहीत. या अवस्थेला मानसशास्त्रात संचयविकार म्हणतात आणि डॉक्टरांच्या बोलण्यात तिचे होर्डिंग डिसऑर्डर हे नाव अधिक रुळलेले आहे. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या विकाराला प्रथमच स्वतंत्र स्थान दिले. त्याआधी तो मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, एक प्रकार किंवा व्यक्तिमत्त्वातील एक दोष मानला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, आणि तिच्यातही त्याची वेगळी नोंद आहे. या विकारावर गेल्या तीन दशकांत पुष्कळ लिहिले गेले असले तरी बहुतेक लेखनासमोर मोठ्या शहरातील, भरल्या बाजारपेठेशेजारील बंद सदनिकेचे चित्र असते. साताऱ्याचा माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगलीचा आटपाडी-खानापूरचा पट्टा यांसारख्या, वस्तू जपून ठेवणे हाच जिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणपणा आहे अशा मुलखात हा प्रश्न कसा ओळखावा आणि मदत कोणत्या वाटेने करावी, याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या या भागात, म्हणजे माणदेशात, वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि अनेक वर्षी त्याहूनही कमी पडतो. माणगंगेचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे असते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ आणि अलीकडचा २०१२-१३ चा दुष्काळ, ज्यात माण तालुक्यातील म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने जनावरांसाठी मोठी चारा छावणी चालवली, ही या भागाच्या स्मरणातील ठळक वर्षे आहेत. अशा मुलखात घरातली साठवण हे उद्याचे अन्न असते. कणगीतली ज्वारी, पेवातले धान्य, परड्यातली कडब्याची गंज, पावसाळ्यासाठी रचलेल्या गोवऱ्या, उतरंडीची गाडगी, जुन्या लुगड्यांची वाकळ आणि वाकळ विरली की तिच्यातून उरणाऱ्या चिंध्या, यांपैकी एकही वस्तू निरुपयोगी नसते. घोंगडी, दोर, गोणपाट, तुटक्या औताचे लोखंड हे सारे पुन्हा कामी येते, आणि ‘असू दे, कधीतरी लागेल’ हे वाक्य इथे बहुतेक वेळा खरे ठरलेले असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील गाव दुष्काळात ज्या तऱ्हेने उठून जाते, ती पाहिलेल्या समाजाला वस्तू सोडून देणे आणि घर सोडून जाणे या दोन गोष्टी एकमेकींपासून फार दूरच्या वाटत नाहीत. टँकरच्या पाण्यासाठी दारात उभी केलेली पाच पिंपे किंवा माळ्यावर ठेवलेले जुने पत्रे पाहून कुणी विकाराचे निदान करील, तर ते निदान त्या माणसाचे नसून दुष्काळाचे होईल.

तरीही सीमारेषा आहे, आणि ती वस्तूंच्या संख्येवरून ठरत नाही. निदानाच्या निकषांत पहिली गोष्ट आहे ती वस्तूचे खरे मोल काहीही असले तरी ती टाकताना दीर्घकाळ येणारी अडचण. दुसरी, वस्तू ठेवलीच पाहिजे अशी आतून येणारी निकड आणि ती दूर करताना होणारा क्लेश. तिसरी, राहत्या जागेचा मूळ उपयोगच बंद पडेल इतकी गर्दी. आणि चौथी, या साऱ्यामुळे जगण्यात, नात्यांत किंवा सुरक्षिततेत येणारा ठोस बिघाड. घर मोकळे दिसत असले पण ते केवळ सून किंवा मुलगी रोज मागून आवरते म्हणून मोकळे असले, तरीही निकष पूर्ण होतात, ही तळटीप एकत्र कुटुंबांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. काटकसरी शेतकऱ्याच्या परड्यातील ढीग हंगामाबरोबर वाढतो आणि ओसरतो, त्याला कोणती वस्तू कुठे आहे हे ठाऊक असते, आणि शेजाऱ्याला गरज पडली तर तो ती देतो. विकारग्रस्त घरात ढीग एकाच दिशेने वाढतो, हवी ती वस्तू वेळेला सापडत नाही म्हणून तीच पुन्हा आणली जाते, आणि मागितली तर देववत नाही. निदान करण्यापूर्वी स्मृतिभ्रंश, मेंदूच्या पुढच्या भागाला झालेली इजा, तीव्र नैराश्य आणि छिन्नमनस्कता यांचा विचार करावा लागतो, कारण उतारवयात अचानक सुरू झालेल्या अस्ताव्यस्ततेचे मूळ त्यांत असू शकते; खरा संचयविकार बहुधा किशोरवयात हळूच सुरू होतो आणि दर दशकागणिक वाढत जाऊन पन्नाशी-साठीत इतरांच्या डोळ्यांत भरतो. वेगवेगळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१९ मध्ये काढलेला अंदाज असा की प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे अडीच टक्के लोकांना हा विकार असतो, आणि स्त्रिया व पुरुष यांच्यातील प्रमाणात फारसा फरक नाही.

हा विकार का होतो, या प्रश्नाचे माणदेशात लगेच सुचणारे उत्तर म्हणजे गरिबी. ज्याने उपासमार पाहिली तो वस्तूला चिकटून राहणारच, असे सहज म्हटले जाते. हे उत्तर सहानुभूतीचे असले तरी संशोधनाने त्याला दुजोरा दिलेला नाही. रँडी फ्रॉस्ट आणि रेचेल ग्रॉस यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अतिसंचय करणाऱ्यांनी इतरांपेक्षा अधिक हलाखीचे बालपण सांगितले नाही, आणि २०११ मध्ये लंडनमधील संशोधकांनी केलेल्या अभ्यासातही भौतिक वंचनेशी संबंध आढळला नाही. आढळला तो आघातकारक घटनांशी, म्हणजे मृत्यू, हिंसा, ताटातूट अशा घटनांशी. याचा अर्थ हा विकार केवळ दुःखातून जन्मतो असा नाही, कारण जुळ्यांवरील अभ्यासांनी आनुवंशिकतेचाही मोठा वाटा दाखवला आहे. पण दुष्काळी मुलखाच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल फार आहे. दुष्काळ सर्वांवर आला आणि बहुसंख्यांची घरे मोकळीच राहिली. ज्यांची भरली, त्यांच्या बाबतीत किती उणे होते यापेक्षा काय हरपले हे विचारले पाहिजे. या पट्ट्यात हरपण्याची कारणे कमी नाहीत. सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त खानापूर-आटपाडीची कुटुंबे देशभरच्या शहरांत विखुरलेली आहेत, गिरणीकामासाठी मुंबईला गेलेली एक संपूर्ण पिढी १९८२ च्या संपाने हादरली, आणि गावातल्या माळवदाच्या घरात म्हातारी माणसे एकेकटी उरली. गेलेल्या नवऱ्याची पेटी, परगावच्या मुलाचे दप्तर, छावणीत मेलेल्या बैलाचे घुंगूर यांना वस्तू म्हणून मोजणे शक्य नसते. दुष्काळ या विकाराचे कारण होत नाही, तो त्याला सबब पुरवतो, आणि ती सबब इतकी वाजवी वाटते की घरचे लोक, शेजारी आणि डॉक्टरसुद्धा अनेक वर्षे तिच्यामागे काय दडले आहे हे विचारत नाहीत.

विकाराची अंतर्गत रचना समजावून सांगणारी सर्वांत उपयुक्त मांडणी फ्रॉस्ट आणि टॅमरा हार्टल यांनी १९९६ मध्ये केली. तिच्यानुसार चार गोष्टी एकत्र येतात : माहिती हाताळण्यातील अडचण, ज्यात लक्ष टिकवणे, वस्तूंचे गट पाडणे आणि निर्णय घेणे यांचा समावेश होतो, वस्तूंशी जडलेली भावनिक ओढ, वस्तूंविषयीच्या समजुती, उदाहरणार्थ आपण ही टाकली तर घडणाऱ्या हानीला आपणच जबाबदार, आणि टाळाटाळ, कारण निर्णय पुढे ढकलला की क्षणभर सुटका वाटते आणि ती सुटकाच सवय पक्की करते. डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मेंदूच्या चित्रणाचा आधार घेऊन केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना काही कागद स्वतःच्या टपालातले आणि काही परक्याचे दाखवून ते फाडायचे की ठेवायचे हे ठरवायला सांगितले. विकारग्रस्तांच्या मेंदूतील, एखाद्या गोष्टीचे महत्त्व तोलण्याशी निगडित दोन भाग परक्याच्या कागदांच्या वेळी नेहमीपेक्षा मंद राहिले, आणि स्वतःच्या कागदांच्या वेळी मात्र कमालीचे उत्तेजित झाले. या माणसाला आळशी किंवा हट्टी म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा प्रयोग समजावून सांगण्यासारखा आहे. रद्दीचा एक कागद टाकायचा की नाही हे ठरवताना त्याला होणारा त्रास खरा असतो.

आणि म्हणूनच सर्वत्र केला जाणारा पहिला उपाय सर्वांत घातक ठरतो. माणसाला काही दिवस लेकीकडे पाठवायचे, मागाहून ट्रॅक्टरची ट्रॉली लावायची, भंगारवाल्याला बोलवायचे, आणि दिवाळीला आलेल्या मुलांनी दोन दिवसांत घर लख्ख करून टाकायचे, हा प्रकार प्रेमापोटी होतो यात शंका नाही. मॅसॅच्युसेट्समधील आरोग्य अधिकाऱ्यांची २००० साली प्रसिद्ध झालेली पाहणी याचा परिणाम स्पष्ट दाखवते : एका लहान गावाच्या आरोग्य विभागाने आपल्या निधीचा बहुतांश भाग, सुमारे १६ हजार डॉलर, एकच घर रिकामे करण्यावर खर्च केला आणि दीड वर्षात ते घर पुन्हा पूर्वीसारखे झाले. सक्तीच्या सफाईत वस्तू जातात, पण निर्णय घेण्याची क्षमता तिथेच राहते जिथे ती होती. उलट जो थोडा विश्वास शिल्लक होता तो संपतो, आणि पुढच्या वेळी दार उघडले जात नाही. सफाईनंतर परतलेल्या माणसाला आलेली खिन्नता घरच्यांना कृतघ्नपणा वाटते. ती शोकासारखी हाताळली पाहिजे, आणि तिच्यावर लक्षही ठेवले पाहिजे. जपानमध्ये कचराघरांचा, त्यांच्या भाषेतील ‘गोमी याशिकी’चा, प्रश्न मोठा झाल्यावर टोकियोच्या अदाची या विभागाने २०१२ मध्ये केलेल्या नियमांत सक्तीच्या तरतुदींबरोबर त्या रहिवाशाला साहाय्य देण्याचीही सोय ठेवली, हे उदाहरण आपल्या नगरपंचायतींनी अभ्यासावे असे आहे.

ज्या उपचाराला सर्वाधिक पुरावा आहे तो म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांची तपासणी आणि प्रत्यक्ष कृतीचा सराव यांची सांगड घालणारी पद्धत. गेल स्टेकेटी, फ्रॉस्ट आणि टोलिन यांनी विकसित केलेल्या रूपात सुमारे २६ बैठका असतात आणि त्यांतील काही रुग्णाच्या घरीच होतात. २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले की लक्षणांत मोठी घट होते, टाकण्यातील अडचण सर्वाधिक सुधारते, बैठका आणि घरभेटी जितक्या जास्त तितका परिणाम चांगला असतो, आणि तरीही बहुसंख्य व्यक्ती उपचार संपल्यावर विकाराच्या उंबरठ्याच्या अलीकडे पूर्णपणे येत नाहीत. हे शेवटचे वाक्य मदत करणाऱ्याने आरंभीच मनाशी बाळगले तर त्याची पुष्कळ निराशा टळेल. औषधांचा पुरावा तुटपुंजा आहे. काही नैराश्यविरोधी औषधांनी लहान अभ्यासांत उपयोग दाखवला, आणि सोबतचे नैराश्य किंवा चिंता यांवर ती द्यावीच लागतात, कारण या विकाराच्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत त्यांपैकी काही तरी असते.

ही पद्धत माणदेशी घरात उतरवताना सुरुवात अडगळीपासून करू नये. आरंभीचे संभाषण त्या माणसाला या घरात काय करता यावेसे वाटते याविषयी असावे : नातवंडे आली तर निजवायला जागा, गुडघे दुखतात तर खाली न वाकता स्वयंपाक करण्याची सोय, सणाला देवापुढे पाट मांडता येणे. प्रेरणावर्धक मुलाखत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्राचा गाभा हाच आहे, की बदलाची कारणे ऐकणाऱ्याने न सांगता बोलणाऱ्याच्या तोंडून यावीत. त्यानंतर एखादी अगदी लहान जागा निवडावी, शक्यतो चुलीभोवतीची किंवा दाराजवळची, आणि मृताच्या वस्तू, फोटो व पत्रे यांना शेवटपर्यंत हात लावू नये. वस्तू त्या माणसाने स्वतः उचलावी आणि निर्णय झाल्याशिवाय ती परत ढिगात ठेवू नये. मदतनिसाने परवानगीवाचून काहीही हलवू नये. ठेवायचे, कुणाला द्यायचे, भंगारात घालायचे, असे मोजकेच गट पुरतात. दुसऱ्याला देणे हा मार्ग इथे विशेष चालतो, कारण वस्तू वाया जाणार या भीतीला तो थेट उत्तर देतो. पण देण्यासाठी बाजूला काढलेले गाठोडे त्याच आठवड्यात घराबाहेर गेले पाहिजे, नाही तर तो नवा ढीग होतो. ‘लागेल’ ही समजूत वादाने मोडत नाही, ती प्रयोगाने सैल होते : एखादी वस्तू बाहेर काढायची, तेव्हा किती त्रास झाला हे दहापैकी आकड्यात सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी व पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचे. आकडा उतरत जातो हे त्या माणसाने स्वतः पाहिले की पुढची वस्तू थोडी हलकी होते. आठवडी बाजारात किंवा म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत काही न घेता फेरी मारून येणे हा याच सरावाचा दुसरा अर्धा भाग आहे, कारण बहुसंख्य रुग्णांत टाकता न येण्याबरोबर आणत राहण्याचीही ओढ असते.

या मुलखाला एक अनुकूल परंपरा लाभली आहे. घटस्थापनेपूर्वी घर झाडून सारवणे, अंथरूण-पांघरूण पाण्यावर नेऊन धुणे, माळ्यावरची भांडी खाली काढणे हे दरवर्षी होते, आणि त्यात घरातील प्रत्येक वस्तू एकदा तरी हाताखालून जाते. महिनाभर आधीपासून थोडे थोडे काम सुरू केले तर या सणाचा उपयोग उपचाराला करता येईल. मात्र चार दिवसांत सर्व उरकण्याची घाई केली तर तोच सण सक्तीच्या सफाईचे निमित्त बनतो. शहरी पुस्तकांत न सापडणारी आणखी एक अडचण मालकीची आहे. गावच्या घरात भावकीचा वाटा असतो, वाटणी न झालेली भांडी असतात, परगावी गेलेल्यांनी ‘राहू दे इथे’ म्हणून ठेवलेले सामान असते, आणि म्हातारीने जपलेल्या ढिगाचा निम्मा भाग कित्येकदा तिच्यावर टीका करणाऱ्यांचाच असतो. त्या नातेवाइकांनी स्वतःचे सामान आधी नेले, तर तिच्याकडून काही मागण्याचा त्यांना थोडा तरी अधिकार पोहोचतो.

घर पूर्ण मोकळे होणे अशक्य किंवा दूरचे असेल तेव्हा हानी कमी करण्याचे धोरण स्वीकारावे, म्हणजे वस्तू किती राहिल्या याऐवजी धोका किती उरला हे पाहावे. मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या नोंदींवरील २००९ च्या अभ्यासात, घरांना लागलेल्या आगींतील टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश मृत्यू अशा भरलेल्या घरांत झाल्याचे आढळले होते. माणमध्ये चूल, गॅसची टाकी आणि उघड्या वायरी यांच्याजवळ कडबा, गोवऱ्या किंवा चिंध्या असू नयेत हे पहिले. दारापासून अंथरुणापर्यंत आणि तिथून मोरी-शौचालयापर्यंत एक माणूस अंग तिरके न करता जाईल अशी वाट हे दुसरे. आणि अंथरूण भिंतीलगतच्या ढिगापासून दूर हे तिसरे, कारण अडगळीत उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, आणि विंचवाला तर फुटक्या कौलांचा आडोसाही पुरतो. साठवलेल्या पाण्याची पिंपे टाकायला सांगू नयेत, ती झाकायला आणि आठवड्यातून एकदा कोरडी करायला सांगावीत. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

हे सर्व करणार कोण, हा प्रश्न राहतोच. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मानसिक विकार असूनही उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण विकारागणिक ७० ते ९२ टक्के होते, आणि माण तालुक्यातील दहिवडीहून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचे साठ-सत्तर किलोमीटरचे अंतर घर सोडायला तयार नसलेल्या माणसासाठी फारच लांब आहे. १९९६ पासून टप्प्याटप्प्याने विस्तारलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून निदान आणि औषधे मिळू शकतात, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरच्यांना मराठीतून सल्ला घेता येतो. पण या उपचाराचा कणा असलेल्या घरभेटी शहरातून होणार नाहीत. सुदैवाने त्या तज्ज्ञानेच कराव्यात असे नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्वतः या अनुभवातून गेलेल्या प्रशिक्षित व्यक्तींनी चालवलेले गट मानसशास्त्रज्ञांनी चालवलेल्या गटांइतकेच परिणामकारक ठरले. गावात घरोघर जाणारी आशा सेविका आधीच दारापर्यंत पोहोचलेली आहे, आणि १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने म्हसवडला सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने बचत, व्यवसाय आणि हिशेब शिकवण्यासाठी बायकांना एकत्र आणण्याची रीत या भागात रुजवली आहे. अशा गटांतील दोन-चार जणींना वरील पद्धतीचे प्रशिक्षण आणि महिन्यातून एकदा तज्ज्ञाचे दूरध्वनीवरील मार्गदर्शन मिळाले, तर उपचाराची बरीचशी व्यवस्था गावातच उभी राहू शकते.

या कामात कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या चौथ्या कलमानुसार एखाद्याने उपचाराविषयी घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता नाकारता येत नाही. त्यामुळे आग, साथ किंवा लहान मुलांची हेळसांड असा तातडीचा धोका नसेल तिथे दार उघडण्याचा अधिकार घरात राहणाऱ्याचाच असतो, आणि मदतनिसाला पुन्हा बोलावले जाईल अशा तऱ्हेने परत यावे लागते. पहिल्या वर्षात फार तर एक खोली मोकळी होईल, दुसऱ्या वर्षी तीतही थोडे सामान परत येईल. भेटी त्या वेळी थांबवायच्या नसतात, तर महिन्याऐवजी दोन महिन्यांनी, आणि नवरात्राच्या आधी नक्की, अशा लांबवून चालू ठेवायच्या असतात. प्रगती मोजण्यासाठी स्वयंपाकघर, बसण्याची खोली आणि झोपण्याची खोली यांची, मोकळ्यापासून पूर्ण भरलेल्यापर्यंत प्रत्येकी नऊ छायाचित्रे असलेली एक मोजणीची पट्टी २००८ पासून जगभर वापरात आहे. तिच्यात दिसणारी सदनिका माणदेशी घरासारखी नाही, म्हणून चूल, सोपा, माळा आणि परडे यांची अशीच चित्रमाला इथल्या घरांवरून तयार करणे हे जिल्ह्यातील मानसशास्त्राच्या एखाद्या महाविद्यालयीन विभागाला वर्षभरात करता येण्याजोगे काम आहे.